फळ्यापाशी बोललेलं वाक्य परत कसं घ्यायचं?

पत्र

नमस्कार. मी सातपूरच्या एका अनुदानित शाळेत सातवीला गणित शिकवते. नोकरीला सतरा वर्षं झाली. वर्गात ५४ मुलं आहेत. मागच्या महिन्यात परिमेय संख्यांच्या धड्याला एका मुलीला फळ्यावर बोलावलं. तिने ३/४ + २/५ चं उत्तर ५/९ लिहिलं. तास संपत आलेला, पोर्शन मागे पडलेला, आणि माझ्या तोंडून गेलं, “हे पाचवीतलं आहे. सातवीत कशी आलीस गं तू?” वर्ग हसला. मुलगी सुरगाण्याकडची, आई-वडील अंबडला कंपनीत कामाला. त्या दिवसापासून ती मान वर करत नाही, वही तपासायला ठेवत नाही. ज्या दिवशी गणिताचा तास पहिला असतो त्या दिवशी पोटात दुखतं म्हणून घरी राहते. आमच्या शिक्षकांनी आम्हाला याहून कितीतरी जास्त ऐकवलं, आम्ही काही बिघडलो नाही, असं मी स्वतःला सांगते, पण मनातून जात नाही. आता काय करू? वर्गासमोर चूक कबूल केली तर मुलं डोक्यावर बसतील का? आणि ५४ मुलांत प्रत्येक शब्द तोलून बोलणं जमतं का कोणाला?

एक शिक्षिका, सातपूर, नाशिक

उत्तर

ताई, आधी तिच्या उत्तराकडे बघू, मग तुमच्या वाक्याकडे.

५/९ हे उत्तर अंदाजपंचे आलेलं नाही. तिने अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला. पूर्ण संख्यांच्या बेरजेत शिकलेली रीत तिने अपूर्णांकांना लावली आणि व्यवस्थित लावली. म्हणजे तिच्याकडे एक नियम आहे, तो फक्त इथे चालत नाही. तो का चालत नाही हे तिला एका प्रश्नात कळलं असतं: “पाऊण भाकरीत आणखी थोडी भाकरी घातली, तर ती पाऊणपेक्षा जास्त होईल की कमी?” जास्त. मग ५/९ बघ, अर्ध्याहून जरा जास्त, पाऊणपेक्षा कमी. बेरीज करून कमी कसं झालं? एवढ्यावर ती स्वतःच थबकली असती. मग छेद २० करून १५/२० आणि ८/२०, म्हणजे २३/२०, इथपर्यंत यायला दोन मिनिटं लागली असती.

तुमच्या वाक्यातून तिला यातलं काहीच मिळालं नाही. ५/९ का चुकलं हे तिला अजूनही ठाऊक नसण्याची शक्यता आहे. मिळालं ते वेगळंच: या वर्गात मी बसायला नको होते. वाक्य गणितावरून निघालं आणि तिच्यावर जाऊन थांबलं. शिक्षकाच्या बोलण्यातलं नेमकं काय लागतं, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. आवाज चढला होता का, शब्द कठोर होता का, हे नंतर बघावं. पहिल्यांदा बघावं ते वाक्य कशाबद्दल होतं. “छेद समान केला नाहीस” हे कामाबद्दल आहे आणि ते कडक आवाजातही सहन होतं, कारण त्यावर काहीतरी करता येतं. “सातवीत कशी आलीस” यावर बारा वर्षांच्या मुलीने काय करायचं? सहावीत परत जायचं?

अशी आणखी वाक्यं आपल्या शाळांत रोज फिरतात. “तुझी ताई किती हुशार होती.” “तुला नेहमीच उशिरा कळतं.” “मागचा बाक सुधारणार नाही.” “ढ”, “दगड”, “डोक्यात भुसा”. यांत कुठेही पुढची पायरी नाही. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘तुमच्यासारखे’ हे शब्द आले की समजावं, गणित मागे राहिलं आणि मूल पुढे उभं केलं गेलं.

दुसरी गोष्ट हसण्याची. बारा-तेराव्या वर्षी मुलांना बरोबरीच्यांची नजर फार महत्त्वाची वाटते. तेच वाक्य तुम्ही तिला एकटीला बोलला असता तर ते लागलं असतं, पण बहुधा विरलं असतं. ५३ जण हसले, त्यामुळे ते वाक्य आता तुमच्या एकटीचं राहिलेलं नाही. मधल्या सुट्टीत कोणीतरी ते तिला पुन्हा ऐकवलं असेल, बसमध्येही ऐकवलं असेल. तुम्ही महिन्यापूर्वी एकदा बोललात, तिने किती वेळा ऐकलं ते मोजता येणार नाही. म्हणूनच दुरुस्ती फक्त तिच्याशी खासगीत बोलून पुरी होत नाही. ती दोन ठिकाणी करावी लागते, आधी तिच्यापाशी आणि मग वर्गात.

तिचं मान खाली घालणं आळस किंवा रुसवा म्हणून घेऊ नका. गणित सोडवताना मेंदूला एक छोटी कच्ची वही लागते: हातचा धरायचा, छेद लक्षात ठेवायचा, पुढची पायरी ठरवायची. मानसशास्त्रात तिला कार्यकारी स्मृती म्हणतात आणि तिची जागा फार थोडी असते. भीती ही जागा अडवते. ‘आता परत हसतील’ हा विचार त्याच कच्च्या वहीत लिहिला जातो आणि गणिताला पान उरत नाही. गणिताच्या धास्तीवर झालेल्या संशोधनात हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे, हातचे जास्त असलेल्या उदाहरणांत तर ठळकपणे. “घरी सगळं येतं, फळ्यावर गेलं की विसरते” असं आया सांगतात तेव्हा त्या बहुतेक वेळा खरं सांगत असतात. तुम्ही आता तिला उभं करून विचारलंत तर तिला येत असलेलंही येणार नाही, आणि तुमचं मूळ मत पक्कं होईल. हे चक्र तुम्हालाच तोडावं लागेल, ते तिच्या हातात नाही.

“आम्ही काही बिघडलो नाही” याबद्दल मोकळेपणाने बोलतो. तुमच्या शिक्षकांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुलांमधून शिक्षिका झालेल्या तुम्ही एक आहात. ज्यांनी त्या बोलण्यानंतर गणित सोडलं, आठवीनंतर शाळा सोडली, ते आज स्टाफरूममध्ये तुमच्या शेजारच्या खुर्चीवर नाहीत. त्यामुळे त्यांचं मत मोजलं जात नाही. आणि इतक्या वर्षांनी तुम्हाला ते बोलणं शब्दशः आठवतंय ना? मग त्याचा काहीच परिणाम झाला नाही, असं कसं म्हणायचं?

आता काय करायचं ते.

या आठवड्यातच तिच्याशी बोला, पण स्टाफरूममध्ये बोलावून नको. स्टाफरूमचं बोलावणं म्हणजे शिक्षा, हे मुलांच्या डोक्यात पक्कं आहे. शाळा सुटल्यावर व्हरांड्याच्या टोकाला किंवा रिकाम्या वर्गात दार उघडं ठेवून बोला. लोकांना दिसेल पण ऐकू येणार नाही, अशी जागा हवी. तिची मैत्रीण थोड्या अंतरावर थांबली तर चालेल. तुम्ही बाकावर बसा, म्हणजे ती मान वर न करताही तुमचा चेहरा बघू शकेल. दोन-तीन मिनिटं पुरतात. म्हणायचं एवढंच: “त्या दिवशी फळ्यापाशी मी तुला ‘सातवीत कशी आलीस’ असं म्हटलं. ते मी बोलायला नको होतं. ती माझी चूक. तुझं गणित एका पायरीवर अडलं होतं, ती पायरी मी सांगायला हवी होती, ती मी सांगितली नाही.”

इथे थांबा. बहुतेक जण इथेच घसरतात. “...पण तू पण अभ्यास करायला हवा होतास” हे जोडलंत की आधीचं सगळं पुसलं गेलं. “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी” यात चूक तिच्या वाटण्यावर ढकलली जाते. “राग नाही ना आला?” असं विचारलंत तर “नाही मॅडम” याशिवाय दुसरं काही बोलायची तिची हिंमत नाही, म्हणजे तुम्हाला बरं वाटावं म्हणून तिला खोटं बोलावं लागेल. चॉकलेट नको, पेन नको. ती बहुधा “काही नाही मॅडम” म्हणून जमिनीकडे बघेल. ते पुरेसं आहे. डोळ्यांत पाणी आलं तर पाणी प्यायला द्या आणि गप्प बसा. जाता जाता एकच प्रश्न विचारा: “मी वर्गात याबद्दल बोलले तर तुला चालेल का? तुझं नाव घेणार नाही.” नको म्हणाली तर तिचा प्रसंग काढायचाच नाही, फक्त पुढचा नियम सांगायचा.

हो म्हणाली, तर दोन-तीन दिवसांनी तासाच्या सुरुवातीला, अर्ध्या मिनिटात: “मागे फळ्यावर एक चूक झाली तेव्हा मी बोलायला नको ते बोलले, आणि वर्गही हसला. दोन्ही चुकलं. आजपासून फळ्यावर चूक आली की आपण ‘कुठल्या पायरीवर?’ एवढंच विचारायचं. हसायचं नाही, मीही नाही आणि तुम्हीही नाही.” आणि लगेच खडू हातात घेऊन धडा सुरू करा. भाषण लांबलं की सगळ्या माना तिच्याकडे वळतात.

मुलं डोक्यावर बसतील का? नाही. वर्गाचा धाक जातो तो आज एक, उद्या दुसरं असं वागल्याने, लाडक्यांना सूट दिल्याने, दिलेली तंबी न पाळल्याने. बाईंनी चूक मान्य केली म्हणून शिस्त गेली, असं होत नाही. उलट पुढच्या आठवड्यात कोणी हसलं आणि तुम्ही तिथल्या तिथे शांतपणे त्याला थांबवलंत, तर नियम खरा आहे हे मुलांना कळेल. पहिल्या दोन आठवड्यांत एकदा तरी ही परीक्षा होणारच, आणि तेव्हा हसणाऱ्याला टोमणा मारून थांबवू नका. “तू तरी कुठला शहाणा” म्हटलंत की नियम मोडणारे पहिले तुम्हीच.

गणितात तिला परत आणण्याची घाई नको. दोन-तीन आठवडे तिला फळ्यावर बोलावू नका, पण तिला वगळलंय असंही तिला दिसता कामा नये. यासाठी पाटीसारखं साधन नाही. सगळ्या वर्गाला एकच उदाहरण द्या, सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं आणि “दाखवा” म्हटल्यावर एकदम वर धरायचं. पाटी नसेल तर जुन्या वहीचा कोरा कागद चालतो. कोणाचं चुकलं ते तुम्हाला दिसतं, पुढे बसलेल्यांना मागचं दिसत नाही. ती परत लिहू लागली की एक दिवस आधी सांगून ठेवा: “उद्या सरावातलं चौथं उदाहरण तुला विचारणार आहे, आज करून ठेव.” उत्तर जागेवरूनच घ्या. फळा सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो तिने स्वतः हात वर केल्यावर.

पोटदुखीचं जरा सांभाळून. भीतीने पोट खरोखर दुखतं, ते नाटक नसतं. ‘गणिताच्या दिवशीच बरं दुखतं’ असं कोणी म्हणत असेल तर थांबवा. पण सगळं तुमच्या वाक्यावर घालून मोकळंही होऊ नका. या वयात पाळीचा त्रास असू शकतो, उपाशी पोटी शाळेत येणं असू शकतं, घरातलं काही असू शकतं, वर्गातलं कोणी छळत असेल. आईशी बोला. अंबडच्या कंपन्यांत कामाच्या शिफ्ट असतात, तेव्हा फोनची वेळ आधी मुलीकडूनच विचारून घ्या. बोलण्याची सुरुवात तक्रारीने नको. “तुमच्या मुलीला मी वर्गात एक लागेल असं बोलले, त्याबद्दल तिच्याशी बोलले आहे. ती काही दिवस शाळेला येत नाहीये, पोटाचं एकदा डॉक्टरांना दाखवाल का?” इतकं सरळ. पंधरा दिवसांतही गैरहजेरी थांबली नाही, खाणं-झोप कमी झाली, किंवा ‘मला जगायचंच नाही’ अशा अर्थाचं काही तिच्या तोंडून वा वहीत आलं, तर वाट बघायची नाही. मुख्याध्यापक, पालक आणि समुपदेशक यांना त्याच दिवशी कळवा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. ते वर्गाच्या भिंतीवर कायम लिहिलेले असावेत.

कायदाही माहीत असू द्या. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. घाबरवायला सांगत नाही. छडी गेली आणि तिचं काम जिभेने करायचं, असा अर्थ कोणी काढू नये म्हणून सांगतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ५४ मुलांचा. हिशेब करून बघा: ३५ मिनिटांचा तास ५४ जणांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला ४० सेकंदही येत नाहीत. आठवड्यात एखाद्या मुलाला तुमच्याकडून थेट एक-दोनच वाक्यं मिळतात. म्हणूनच त्यांचं वजन एवढं. प्रत्येक शब्द तोलणं कोणालाच जमत नाही आणि तशी गरजही नाही. चुका होण्याच्या जागा ठरलेल्या असतात, तिथे आधीच तयार वाक्यं ठेवली की पुष्कळ काम होतं.

पहिली जागा प्रश्न विचारल्यानंतरच्या शांततेची. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा शिक्षक उत्तराची सरासरी सेकंदभरच वाट बघतात असं दिसलं. ती वाट तीन सेकंदांवर नेली तर उत्तरं लांबली, एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागली. मनात सावकाश एक-दोन-तीन मोजा. सुरुवातीला ते फार लांब वाटतं.

दुसरी जागा “जाऊ दे, बस खाली” ही. हे वाक्य आपण दयेने बोलतो, म्हणून त्याकडे लक्षच जात नाही. पण मुलाला ऐकू येतं, ‘तुझ्याकडून अपेक्षा नाही.’ कच्च्या मुलांना कायम सोपेच प्रश्न देणं, त्यांनी काहीही लिहिलं तरी “वा, छान!” म्हणणं, हेही त्यातलंच, आणि सातवीतल्या मुलांना ते बरोबर कळतं. त्याऐवजी म्हणा: “विचार कर, दोघांना विचारून परत तुझ्याकडे येते.” आणि खरोखर परत या. विसरलात तर ते वाक्य “बस खाली”पेक्षा वाईट.

तिसरी जागा कौतुकाची, आणि इथे चांगले शिक्षकही चुकतात. “तू हुशार आहेस” हे गोड वाक्यही मुलावर बोलतं, कामावर नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या वयाच्या मुलांना एकच वाक्य ऐकवलं गेलं, कोणाला हुशारीचं, कोणाला मेहनतीचं. पुढे मुद्दाम अवघड उदाहरणं दिल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर हिरमुसली, आणि त्यानंतरच्या सोप्या उदाहरणांतही आधीपेक्षा कमी पडली. तुमच्या वर्गातला पहिला नंबर, जो अवघड उदाहरणाला हातच लावत नाही, त्याचं कारण कदाचित हेच असेल. “छेद समान करायला लसावि काढलास, त्यामुळे आकडे लहान राहिले” हे कौतुक त्याला उद्या पुन्हा वापरता येतं.

चौथी जागा भाषेची, आणि सातपूर-अंबडच्या वर्गात ती टाळताच येत नाही. सुरगाणा-पेठकडच्या बऱ्याच घरांत कोकणा बोलली जाते, मालेगाव-सटाण्याकडच्या घरांत अहिराणी, कामगार वसाहतींत हिंदी-भोजपुरी. कोणाच्या तोंडून ‘तिथे’ऐवजी ‘तठे’ गेलं की वर्ग खिदळतो आणि बाई म्हणतात, “नीट मराठीत बोल.” मुलाचं घरच वर्गाबाहेर काढल्यासारखं होतं ते. “तुमच्याकडे तठे म्हणतात, पुस्तकात तिथे लिहायचं” यात दोन्ही राहतं. द्राक्षांच्या हंगामात आई-बापांबरोबर निफाड-दिंडोरीकडे जाऊन दोन महिन्यांनी परतलेल्या मुलाला “आले पाहुणे!” म्हणणंही बंद करा. तो मजेला गेला नव्हता. “बरं झालं आलास, आपण या धड्यावर आहोत, मागचं हे दोन पानांचं आधी कर” एवढं पुरे. तुम्ही लिहिलंय त्या मुलीच्या बाबतीत त्या दिवशी बोलण्याच्या ढंगावरूनही कोणी हसलं होतं का, हे एकदा आठवून बघा.

रागाच्या क्षणासाठी मात्र सोपा उपाय नाही. तुमच्याच पत्रात कारण आहे: तास संपत आलेला, पोर्शन मागे. घड्याळ पाच मिनिटांवर आलं की नव्या मुलाला फळ्यावर बोलवायचंच नाही, एवढा एक नियम स्वतःला घाला. तेव्हा चूक ऐकून घ्यायला तुमच्याकडेच वेळ नसतो.

शेवटी वही. ती वही ठेवत नाही, तर तिच्या एकटीच्या मागे लागू नका. पुढच्या सोमवारी एका रांगेच्या वह्या घ्या, तिची रांग दुसऱ्या दिवशी. शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांच्या १९८८च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्या मुलांची प्रगती झाली, शेऱ्याबरोबर गुणही दिले तर ती झाली नाही. मुलं गुण बघतात आणि शेरा सोडून देतात. म्हणून या वेळी तिच्या वहीत गुण नकोत, ‘सुधारणा आवश्यक’ नको, नुसती लाल फुलीही नको. पेन कुठल्याही रंगाचा चालेल. चुकलेल्या पायरीखाली लिहा: “इथपर्यंत बरोबर. ३/४ आणि २/५ यांचे तुकडे वेगवेगळ्या मापाचे आहेत, आधी २० चे कर. मग उत्तर पाऊणपेक्षा जास्त येतं का ते बघ. हे तुला जमेल असं मला वाटतं, म्हणून एवढं लिहिलं आहे. उद्या परत दाखव.” आणि उद्या तिने वही आणली, तर उत्तर चुकलेलं असो की बरोबर, वाचायला वेळ काढून ठेवा.